एसीचे स्टार नंतर, आधी घराचं छत बघा

चिपळूणहून बदलीवर विदर्भात, दारव्हा तालुक्यातल्या या गावात आलो, त्याला चौदा वर्षं झाली. दर जूनमध्ये नवे शिक्षक, बँकेतली मुलं येतात आणि विचारतात, ‘सर, एसी किती स्टारचा घेऊ?’ मी म्हणतो, आधी घर बघू.

आपल्याला, कोकणातल्यांना, घामाची सवय. इथलं ऊन कोरडं, मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. म्हणून घर दुपारी बघून आलात तरी रात्री दहाला पुन्हा जा. स्टुलावर चढून स्लॅबला आतून तळहात लावा. वर मजला नसेल तर तो तेव्हाही गरम लागतो, आणि ती धग पहाटेपर्यंत तुमच्या अंथरुणावर उतरत राहते. टिनाचं घर दुपारी भाजतं, पण रात्री लवकर निवतं. जाड मातीच्या भिंतींचं जुनं घर मिळालं तर दुसरं बघू नका. घरांच्या भिंती-छतातून किती उष्णता आत यावी याचे ‘इको निवास संहिता’ म्हणून २०१८पासून नियम आहेत, घरांना स्टार द्यायची योजनाही आहे. पण गावात भाड्याच्या घराला असा कागद कुणी दाखवणार नाही. तुमचा तळहात हाच कागद.

स्लॅबचं घर घेतलंत तर मार्चमध्येच मालकाला विचारून गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा. टिनावर इथले लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पसरतात, तेही चांगलं. फक्त चुलीच्या ठिणगीपासून जपा.

आता वस्तूंचे स्टार. लेबलवर स्टारच्या जोडीला वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो, आणि लेबल कोणत्या काळापुरतं आहे तेही छापलेलं असतं. दोन्ही वाचा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे कालचा पाच स्टार आज तीनचा ठरू शकतो. तालुक्याच्या एका दुकानात मला असाच जुन्या लेबलचा फ्रिज पाच स्टार म्हणून मिळाला. घरी आल्यावर लेबल वाचलं, तोवर पैसे देऊन झाले होते. अजून वाईट वाटतं.

एसीचा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढतात आणि त्यात बाहेरचं तापमान ४३ अंशांपर्यंतच धरलेलं असतं. इथला मे त्याच्या पलीकडचा, म्हणून बिल लेबलपेक्षा जास्त आलं तर घाबरू नका, तसं धरूनच चला.

पण पहिला खर्च पंख्यावर करा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॅटचा. दिवसाला अठरा तास चालला तर महिन्याला २४ युनिट वाचतात, दोन पंख्यांचे ४८. महावितरणचा दर १०० युनिटनंतर चढतो, तिथे हे जाणवतं. लाइन गेल्यावर इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो.

उन्हाळ्यात कूलर इथे खरंच काम करतो, कारण हवा कोरडी असते. तो खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. नवे लोक खोली बंद करून घेतात, मग अंथरूणसुद्धा ओलसर होतं. पाणी क्षाराचं आहे, कूलरच्या ताट्यांवर (ज्या गवती जाळ्यांतून पाणी झिरपतं त्यांवर) पांढरा थर दिसला की त्या बदला. मृगाचा पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा.