गुरुपौर्णिमेचा चार्ट: 'यंग म्युझिशियन्स'मधला ऑस्ट्रिया

नाशिकच्या क्लासमध्ये व्हायोलिनची मुलं असतील, तर गुरुपौर्णिमेला भिंतीवर लावायला 'युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स' या युरोपातल्या तरुण शास्त्रीय वादकांच्या स्पर्धेतली ऑस्ट्रियाची कामगिरी घ्या. सहा विजेतेपदं, सहाही व्हायोलिनवर.

चार्टपेपर २२ बाय २८ इंची, उभा धरा. १९८२ ते २०२४, दर दोन वर्षांनी एक अशा २२ ओळी, प्रत्येकी एक इंच. वरचे दोन इंच शीर्षकाला, खालचे चार टिपांना. २०२०ची ओळ गाळू नका. 'कोरोनामुळे रद्द' असं लिहा, नाहीतर 'एक साल राहिलं' म्हणणारं कुणीतरी भेटतंच. रकाने असे: साल २ इंच, शहर ४, विजेता देश ४, ऑस्ट्रियाचा वादक व वाद्य ५, जन्मस्थान ३, गुरू ३. उरलेला इंच दोन्ही कडांना.

आधी पेन्सिलीनं विजयाच्या ओळी भरा:

१९८८ अॅमस्टरडॅम – यूलियन राखलिन
१९९८ व्हिएन्ना – लिडिया बाइच
२००२ बर्लिन – दालिबोर कार्वाय
२००४ ल्युसर्न – अलेक्झांड्रा सूम
२०१४ कोलोन – झियू ह
२०२४ बोडो – लेओनहार्ड बाउमगार्टनर

हमखास गफलत होते ती यजमानपदाची. व्हिएन्नात स्पर्धा झाली १९९०, १९९८, २००६, २००८, २०१० आणि २०१२ला. हेही सहाच! पण घरच्या मैदानावर ऑस्ट्रिया जिंकला तो फक्त १९९८ला. २०१४ शोधताना कोंचिता वुर्स्ट या गायिकेचं नाव आलं तर ती गाण्याची युरोव्हिजन, कोपनहेगनची. तीही त्याच वर्षी ऑस्ट्रियानंच मारली.

बाकीच्या सालांत डॅश म्हणजे 'भाग घेतला नाही', 'उ' म्हणजे उपांत्य फेरीत बाद. खात्री नसेल तिथं चौकट कोरी ठेवा, डॅश टाकू नका. दोन्हींचा अर्थ वेगळा.

शेवटचे दोन रकाने घाईत उरकू नका, चार्टचा जीव तिथंच आहे. पहिल्या पाच विजेत्यांपैकी एकाचाही जन्म ऑस्ट्रियातला नाही: विल्नियस, सेंट पीटर्सबर्ग, स्लोव्हाकिया, मॉस्को, चिंगदाओ. आणि पहिले चौघं बोरिस कुश्निर या एकाच गुरूचे शिष्य. त्या चार चौकटी एकाच रंगानं भरा, लांबून दिसल्या पाहिजेत.

आषाढातल्या दमट हवेत स्केचपेन फुटतो, म्हणून परमनंट मार्कर वापरा. सेलोटेपही सुटतो, मागून चारही कडांना डबल-साइड टेप लावा.