दोन छोट्या बेटांमधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

इंदूरच्या मराठी घरांत अंदमान म्हटले की सेल्युलर जेलची आठवण निघते, आणि तिथल्या विमानतळालाही सावरकरांचेच नाव आहे. म्हणून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम, ते कार निकोबार हे उदाहरण आपण घेऊ.

प्रथम दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहून घ्यावेत. शहराचे किंवा बेटाच्या मध्याचे घेऊ नयेत, कारण बेटे जवळ असली की तेवढ्यानेही उत्तर बिघडते. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी ११°३८′ उत्तर, ९२°४४′ पूर्व येथे आहे. कार निकोबारची ९°०९′ उत्तर, ९२°४९′ पूर्व येथे.

आता अक्षांशांची वजाबाकी करावी. २°२९′ म्हणजे १४९ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण १४९ सागरी मैल, म्हणजेच २७६ किलोमीटर, हे उत्तर त्यामुळे कागदावरच मिळते.

रेखांशांचे मात्र असे नाही. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येत जातात, म्हणून रेखांशांतील फरकाला दोन्ही ठिकाणांच्या मध्यम अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. विषुववृत्तावर हा गुणक १, इंदूरला ०.९२, तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर केवळ ०.५१ असतो. आपल्या उदाहरणात पाचच मिनिटांचा फरक असल्याने दोन्ही फरकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले तरी अंतर २७६ किलोमीटरच राहते. काही शे किलोमीटरपर्यंत ही रीत खुशाल वापरावी.

ऑर्कनीतील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्या धावपट्ट्या जवळपास एकाच अक्षांशावर असून त्यांच्या रेखांशांत तीन मिनिटांचा फरक आहे. ३ × ०.५१ × १.८५२ म्हणजे सुमारे २.८ किलोमीटर. ही जगातील सर्वांत छोटी नियमित विमानसेवा १९६७ पासून चालू आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाने हे अंतर ५० सेकंदांचे, पण वेळापत्रकात दोन मिनिटे धरलेली असतात आणि सर्वांत जलद उड्डाण ५३ सेकंदांचे झाले आहे. उड्डाण घेणे, वळणे आणि उतरणे यांचा वेळ निव्वळ भागाकारात येत नाही. तो वेगळा मिळवावाच लागतो, आणि अंतर जितके कमी तितका त्याचा वाटा मोठा.

शेवटी वारा. ताशी २५० किलोमीटर वेग धरल्यास कार निकोबारला पोहोचायला ६६ मिनिटे लागतील. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर २७६ ला २२० ने भागावे: ७५ मिनिटे. परतताना तोच वारा पाठीशी येतो, तेव्हा २८० ने भागून ५९ मिनिटे मिळतात. जाण्या-येण्याची बेरीज १३२ ऐवजी १३४ होते, म्हणून वारा दोन्हीकडून फिटेल असे न धरता प्रत्येक दिशेचा हिशेब स्वतंत्र मांडावा.