लिंबा-मोसंबीच्या सालींचं फरशी पुसायचं पाणी

उन्हाळ्यात सरबताच्या निमित्ताने सालींचा ढीग ओल्या कचऱ्यात जातो आणि फरशीसाठी बाटलीबंद लिक्विड मात्र आपण विकत आणतो. त्याऐवजी हे करून बघा.

१. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. काचेची नको, आत गॅस धरतो आणि ती फुटू शकते.
२. १०० ग्रॅम गूळ १ लिटर पाण्यात विरघळवून ओता. गूळ साधा, काळपट चालतो. चांगला गूळ पुरणपोळीला ठेवा.
३. ३०० ग्रॅम साली बारीक चिरून टाका. एकदम जमत नसतील तर आठवडाभर साठतील तशा टाकत जा. कुजलेल्या किंवा शिजलेल्या साली नकोत.
४. झाकण लावून सावलीत ठेवा. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करायचं, फुस्स आवाज आला की परत घट्ट. हे विसरलात तर ओटा पुसत बसाल.
५. तीन महिन्यांनी जुन्या सुती कापडातून गाळा.

वर पांढरी साय दिसली तर घाबरू नका. काळी बुरशी धरली तर मूठभर गूळ घालून ढवळा.

अर्ध्या बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. बाथरूमच्या टाइल्सवरच्या क्षारांच्या डागांना पाणी न घालता लावा, दहा मिनिटांनी घासा. उरलेल्या चोथ्यातला थोडा पुढच्या बाटलीत विरजणासारखा घातला तर काम लवकर होतं.

संगमरवर आणि शहाबादी फरशीवर मात्र वापरू नका. आंबटपणाने चकाकी जाते.