२९ ची संध्याकाळ: सातारा-सांगलीत चाँद कसा पाहायचा आणि शहादत कशी लिहायची

इस्लामी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. २९ च्या संध्याकाळी नवा चाँद दिसला आणि पाहणाऱ्याची शहादत, म्हणजे साक्ष, मान्य झाली की दुसऱ्या दिवशी नवा महिना, नाहीतर ३० पूर्ण करायचे. रमजानचा २९ वा रोजा सुटताना ज्या गावात कोणी पश्चिमेकडं तोंड करून उभंच राहत नाही, त्या गावात रात्री नऊनंतर फोनाफोनी सुरू होते. मुंबईत काय झालं, मिरजेत काय ठरलं, तरावीह (रमजानमधली रात्रीची नमाज) लावायची की नाही. सकाळी एका पेठेत ईद आणि शेजारच्या पेठेत रोजा, असंही होतं. यातला बराच घोळ आधीच टाळता येतो. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. एक वही, बरोबर लावलेलं घड्याळ, मोकळी पश्चिम आणि महिनाभर आधीची तयारी एवढं पुरतं.

सुरुवात शाबानपासून

रमजानची २९ तारीख कोणत्या संध्याकाळी येणार, हे रमजानच्या चाँदवर ठरतं आणि तो कधी शोधायचा हे आधीच्या शाबान महिन्याच्या चाँदवर. पण शाबानचा चाँद पाहायला फारसं कोणी जात नाही. त्यामुळे एका महिन्याची चूक पुढच्या महिन्यात जाते आणि लोक भलत्याच संध्याकाळी आकाशाकडं बघत बसतात. म्हणून प्रत्येक जमातीनं वर्षाचे बाराही महिने नोंदवावेत. एका महिन्याला एक ओळ पुरे: तारीख, आकाश कसं होतं, दिसला की ३० पूर्ण केले, कोणी पाहिला.

दुसरी तयारी घरच्या भिंतीवर टांगलेलीच असते. मराठी दिनदर्शिकेत किंवा पंचांगात अमावास्या संपायची वेळ दिलेली असते. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात तोच तो क्षण. तिथून त्या संध्याकाळच्या सूर्यास्तापर्यंत किती तास होतात ते मोजा. हे चाँदचं वय. १५ तासांच्या आतला चाँद नुसत्या डोळ्यांनी दिसण्याची आशा धरू नका. जगातले विक्रमच त्या आसपासचे आहेत. १५ ते २० तासांची संध्याकाळ संशयाची. २४ तास उलटले आणि आकाश स्वच्छ असलं, तर बहुतेक वेळा दिसतो. वयाचा हिशोब ढोबळच असतो, म्हणून सूर्यास्त आणि चंद्रास्त यांच्यातलं अंतरही काढा. अर्ध्या तासाच्या आतलं अंतर म्हणजे फार अवघड, पाऊण तासाच्या पुढं सोपं होत जातं. चंद्र सूर्याच्या आधीच मावळत असेल, तर त्या संध्याकाळी दिसायला काही नसतंच.

एक जुनी, भरवशाची खूण सांगतो. २९ च्या पहाटे सेहरीला उठलेलेच असता, तेव्हा सूर्योदयाआधी पूर्वेकडं बघा. मावळत्या महिन्याची बारीक कोर तिथं दिसली, तर त्याच दिवशी संध्याकाळी पश्चिमेला नवा चाँद दिसणार नाही. ही नोंद वहीत असली की संध्याकाळी येणारी एखादी कच्ची बातमी पारखायला फार उपयोगी पडते.

उभं कुठं राहायचं

सातारा शहरात अडचण पश्चिमेचीच आहे. यवतेश्वरचा डोंगर आडवा येतो आणि सूर्य खऱ्या क्षितिजाच्या कितीतरी आधी आड जातो. फोनमधल्या चंद्रास्ताच्या वेळा सपाट क्षितिज धरून काढलेल्या असतात. हात सरळ लांब करून करंगळी आडवी धरा: तिची जाडी साधारण १ अंश. मूठ म्हणजे १० अंश. डोंगर जितक्या करंगळ्या वर आलेला असेल, तितकी गुणिले चार मिनिटं तुमच्या हातून गेली. तीन करंगळ्यांचा डोंगर म्हणजे बारा-तेरा मिनिटं, आणि संशयाच्या संध्याकाळी सगळा खेळ तेवढ्याच मिनिटांचा असतो. म्हणून शहरातल्या गच्चीवर गर्दी करण्यापेक्षा दोन-चार जाणती माणसं यवतेश्वर-कास रस्त्यावर पठारावर पाठवा. महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट थंडी-उन्हाळ्यात उत्तम. खाली कोकण असल्यामुळे तिथं सूर्य आणि चंद्र दोन्ही थोडे उशिरा मावळतात, हे वेळ लिहिताना ध्यानात ठेवा.

सांगलीत डोंगराचा त्रास नाही, धुराचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कारखाने चालू असतात, शेतात पाचट पेटवलेलं असतं आणि क्षितिजालगतचे पाच-सहा अंश मातकट होऊन जातात. उभा ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असला की बांधावरून काहीच दिसत नाही. आयर्विन पुलावरून सांगलीवाडीच्या अंगाला पश्चिम बरी मोकळी आहे, पण वाहनांनी पूल हादरतो आणि दुर्बीण स्थिर राहत नाही. मिरजेकडच्या लोकांना दंडोबाचा डोंगर जास्त सोयीचा.

पावसाळ्यात माणसं पूर्वेला पाठवा. मोहरम आणि बकरी ईद सध्या पावसाळ्याच्या तोंडाशी येताहेत. २०२५ चा आशुरा, म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, ६ जुलैला होता. त्या दिवसांत साताऱ्यावर ढग दाटलेले असताना माण-खटावकडं, आणि सांगली भिजत असताना जत-आटपाडीकडं आकाश फाटलेलं मिळू शकतं. कडेगावच्या उंच ताबुतांच्या भेटीचा दिवस या एका संध्याकाळवर ठरतो, तेव्हा दहिवडीत किंवा जतला एक भरवशाचा माणूस ठेवणं हे मोठं काम आहे.

त्या संध्याकाळी

सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी जागेवर पोचा आणि सूर्य नेमका कुठं बुडाला ती जागा एखादं झाड किंवा मनोरा धरून मनात पक्की करा. मार्चमध्ये सूर्य जवळजवळ सरळ पश्चिमेला मावळतो. जूनमध्ये सुमारे २५ अंश उत्तरेकडं, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडं. मागच्या वर्षीच्या खुणेवर विसंबू नका.

दुर्बीण असेल तर १०×५० ची पुरते. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत ती डोळ्याला लावायची नाही, एक क्षणही नाही. डोळा कायमचा जातो. सूर्य गेल्यावर आधी लांबच्या दिव्यावर किंवा शुक्रावर फोकस बसवा. ढिसाळ फोकसमध्ये कोर सरळ विरघळून जाते.

शोधायची सर्वांत चांगली वेळ काढायचं साधं गणित आहे. सूर्यास्त ते चंद्रास्त जितकी मिनिटं, त्याला ४ ने गुणून ९ ने भागा आणि सूर्यास्तात मिळवा. अंतर ४५ मिनिटांचं असेल तर सूर्यास्तानंतर २० व्या मिनिटाला. त्याआधी आकाश फार उजळ असतं, त्यानंतर चाँद फार खाली गेलेला असतो. लोक मगरीबची जमात, म्हणजे सूर्यास्तानंतरची सामूहिक नमाज, आटोपून बाहेर येतात तोवर ही वेळ बहुधा निघून गेलेली असते, म्हणून दोघांनी पाहत राहायचं, बाकीच्यांनी नमाज पढायची, मग अदलाबदल.

फेब्रुवारी ते एप्रिल चाँद सूर्य बुडाल्या जागेच्या जवळजवळ डोक्यावर उभा असतो आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो डावीकडं कलतो आणि खाली राहतो. तेवढ्याच वयाचा चाँद तेव्हा जास्त अवघड जातो.

चुका ठरलेल्या आहेत. विमानानं सोडलेली धुराची रेघ मावळतीच्या उजेडात हुबेहूब कोरीसारखी चमकते. दोन मिनिटं थांबलं की ती सरकते किंवा विस्कटते. शुक्राच्या ठिपक्याला चाँद म्हणणारे दरवर्षी निघतात. मोबाईलच्या फोटोत काचेवरच्या प्रकाशाची कमान उमटते. कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडं, म्हणजे खाली असते. टोकं खाली वळलेली सांगणाऱ्यानं चाँद पाहिलेला नाही, मग तो कितीही भला माणूस असो.

शहादत

‘दिसला’ असं कोणी म्हणालं की त्याच्याभोवती गर्दी करू देऊ नका. एकाला एका खोलीत, दुसऱ्याला दुसऱ्या. प्रत्येकाला तेच विचारा: कुठं उभा होतास, किती वाजले होते, सूर्य बुडाला त्या जागेच्या डावीकडं की उजवीकडं, किती बोटं वर, टोकं कोणीकडं, किती वेळ दिसला, चष्मा आहे का, शेजारी कोण होतं. उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा आणि सही घ्या. दोघांची वेळ पाच मिनिटांच्या आत आणि दिशा एकच आली, तर कागद वजनदार होतो. आधी एकत्र बसवून विचारलं, तर दुसरा पहिल्याचंच बोलतो. मुद्दाम नव्हे, माणसाचं तसं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक जमाती हनफी या सुन्नी मतपंथाच्या आहेत. आकाश ढगाळ असेल तर रमजान सुरू करायला एका विश्वासू माणसाची, पुरुष असो वा बाई, शहादत चालते. ईदला दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन बाया लागतात. आकाश स्वच्छ असताना मात्र एक-दोघांवर भागत नाही, मोठ्या संख्येनं पाहणारे हवेत. सांगलीत शेकडो डोळे स्वच्छ आकाशात शोधत असताना एकालाच दिसावा, यात काहीतरी चुकलेलं असतं. ज्यानं खरोखर पाहिला पण शहादत नाकारली गेली, त्यानं स्वतः रमजानचा रोजा धरायचा आणि ईद मात्र सगळ्यांसोबत करायची. त्याला खोटारडा ठरवू नये. चूक डोळ्याची असते, इमानाची नसते.

गणिताला शहादतीवर कितपत चालू द्यायचं, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) एकमत नाही. बरेच जण अशक्य वेळेची शहादत नाकारायला गणित वापरतात, महिना जाहीर करायला नाही. तुमच्या कमिटीचा नियम काय, हे २९ तारखेआधी कागदावर उतरवा. रात्री दहा वाजता नियम ठरवायला बसलं की भांडण ठरलेलंच.

इतरांची तारीख वेगळी का

२०२५ घ्या. २९ मार्चला अमावास्या दुपारी सुमारे ४:२८ ला संपली. सौदीत त्या दिवशी २९ वा रोजा होता. मक्केत सूर्यास्ताला चाँदचं वय साडेचार तासांच्या आसपास होतं, तरी घोषणा झाली आणि ३० मार्चला ईद झाली. आपल्याकडं रमजान एक दिवस उशिरा लागला होता, म्हणून २९ वा रोजा ३० मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशी आला. संध्याकाळी चाँद २६ तासांचा होता, ईद ३१ ला. मक्केचा सूर्यास्त सांगलीच्या सव्वादोन तास मागून होतो आणि तेवढ्या वेळात चंद्र सूर्यापासून फक्त एक-सव्वा अंश आणखी सरकतो. म्हणून ‘सौदी पश्चिमेला आहे’ एवढ्यानं कायमचा एक दिवसाचा फरक समजत नाही. तिथली घोषणेची रीतच वेगळी आहे.

२०२४ चं उदाहरण जास्त नाजूक. ९ एप्रिलला सूर्यास्ताला चाँद १९ तासांचा, नेमका संशयातला. केरळमध्ये शहादत मान्य झाली, १० ला ईद. महाराष्ट्रात ३० पूर्ण करून ११ ला. ‘केरळ पश्चिमेला’ हे उत्तर इथंही लागू पडत नाही, कारण कोळिकोड सांगलीच्या थोडं पूर्वेलाच आहे. तिथले काझी आपला निर्णय आपण घेतात आणि तिथं शाफई हा दुसरा सुन्नी मतपंथ आहे, जो आपापल्या भागाचं दर्शन धरतो. आपल्या कोकणातही शाफई घरं बरीच आहेत. साताऱ्यातल्या सोयरिकीत त्यामुळं दोन तारखा निघू शकतात. दाऊदी बोहरा तर दर्शनावर जातच नाहीत, ठरीव गणिती दिनदर्शिका वापरतात, म्हणून त्यांची ईद साधारण एक-दोन दिवस आधी असते.

११ एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी दिसलेला चाँद चांगला जाड होता. ‘हा कालचाच आहे’ असं तेव्हा म्हटलं जातं. वय मोजा: ४३ तास. ३० दिवसांचा महिना संपताना पहिला चाँद असाच मोठा निघतो. जाडीवरून आदल्या दिवसाचा निकाल लागत नाही.

घोषणा आणि कागद

ईदगाह, मंडप, वाहतुकीच्या परवानगीच्या अर्जात एकच तारीख टाकू नका. ‘चंद्रदर्शनानुसार अमुक तारीख किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहा. बकरी ईदला आणि आशुराला नऊ-दहा दिवस हाताशी असतात, तेव्हा चाँद दिसताच दुसरं पत्र द्या. रमजान ईदला रात्रच मिळते, म्हणून मुंबई-पुण्याच्या कमिट्यांशी बोलायला एकच माणूस नेमा. फॉरवर्ड आलेला फोटो पुरावा धरू नका. मूळ पाहणाऱ्याशी फोनवर बोला.

आखातातून सुट्टीला आलेल्यांचा प्रश्न दरवर्षी येतो. तिकडं आधी सुरू करून इथं ईद केली तर ३१ रोजे होऊ शकतात. तरी ज्या गावात आहे त्या गावासोबत रोजा धरायचा. उलट इथून तिकडं जाऊन २८ च भरले, तर ईद तिथल्यांसोबत करून नंतर एक रोजा कजा करायचा, म्हणजे भरून काढायचा.

ईदच्या संध्याकाळी वही पुन्हा उघडून शव्वालची, म्हणजे नव्या महिन्याची, ओळ लिहा, आणि तिथंच पुढच्या २९ ची तारीख मांडून ठेवा.