केळीचा कंटेनर परदेशी पाठवताना करारात काय लिहायचं

सावद्याला माझं केळीचं पॅकहाऊस आहे. दुबईला निघालेला माझा एक कंटेनर न्हावाशेव्याच्या यार्डात अडकला, रीफरचा (थंड ठेवणाऱ्या कंटेनरचा) प्लग वेळेवर लागला नाही आणि माल आतच पिकला. करारात एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही अट होती. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, म्हणून सगळं नुकसान माझ्या गळ्यात आलं.

तेव्हापासून मी एफसीए (फ्री कॅरियर) ही अट लिहितो. कंटेनरच्या मालाला तेच योग्य. ठरल्या जागी खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे कंटेनर सोपवला की जोखीम खरेदीदाराची. निर्यातीचं कस्टम मात्र आपणच करायचं. नुसतं 'मुंबई' लिहू नका भाऊ, टर्मिनलचं नाव टाका, पुढे 'इनकोटर्म्स 2020' लिहा, म्हणजे या व्यापारी अटींचे आंतरराष्ट्रीय नियम. बँक 'माल जहाजावर चढला' असं बिल ऑफ लेडिंग (वाहतूकदाराने माल घेतल्याचा कागद) मागणार असेल, तर ते वाहतूकदाराने आपल्याला द्यावं अशी सूचना खरेदीदार देईल, हेही करारातच घ्या. 2020 च्या नियमांत तशी सोय आहे.

सीआयएफ (किंमत, विमा, भाडं) या अटीत भाडं आणि विमा आपला, पण जोखीम जहाजावर माल चढताच खरेदीदाराकडे जाते. विमा किमान 110 टक्के किमतीचा लागतो, तोही मर्यादित संकटांचाच. रीफर बंद पडला तर त्यात भरपाई नाही. खरेदीदाराला हे आधीच सांगा.

डीडीपी (ड्युटी भरून पोहोच) या अटीत तिकडची आयात ड्युटीसुद्धा आपल्यावर येते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पैसे कधी मिळणार, हे यातली कुठलीच अट ठरवत नाही. ते वेगळं लिहून घ्या.