लंगडणारा कोंबडा: पायाची शुश्रूषा आणि खुराड्यावर नजर

कोंबडा लंगडू लागला की पाळणारा प्रथम त्याच्या पायाकडे पाहतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच वेळी खुराड्यातील इतर पक्ष्यांकडेही पाहिले पाहिजे, कारण लंगडणे हा स्वतंत्र आजार नसून अनेक कारणांमुळे दिसणारे एक लक्षण आहे. तळव्यात रुतलेला काटा, उंच दांडीवरून उडी मारल्याने मुरगळलेला सांधा आणि साऱ्या कळपात पसरू शकणारा विषाणूजन्य रोग या तिन्हींची सुरुवात बाहेरून सारखीच दिसू शकते. म्हणून कारण स्पष्ट होईपर्यंत लंगडा पक्षी संसर्गजन्य आहे असे धरूनच वागावे. काटाच निघाला, तर या सावधगिरीपायी फारसे काही गमावलेले नसते.

कोंबडा दुखणे लपवतो, हेही ध्यानात ठेवावे. अशक्तपणा उघड झाला तर दुसरा नर त्याला हुसकावतो आणि कधी कधी माद्याही टोचू लागतात, त्यामुळे तो शक्य तितके दिवस नेहमीसारखा वावरत राहतो. साहजिकच लंगडणे आज दिसले म्हणून दुखणेही आजच सुरू झाले असे समजू नये.

वेगळे ठेवणे

त्याला वाऱ्यापावसापासून सुरक्षित अशा पिंजऱ्यात किंवा मोठ्या खोक्यात ठेवावे. तळाशी लाकडाचा भुसा किंवा तूस यांचा किमान चार बोटे जाडीचा कोरडा थर असावा, आत बसण्याची दांडी ठेवू नये आणि खाद्य व पाणी बसल्या जागेवरून चोच पोहोचेल इतके जवळ असावे. तो एकटा पडून खंगू नये म्हणून इतर पक्ष्यांचा आवाज त्याला ऐकू येणे चांगले, परंतु हवा, धूळ आणि पाण्याची भांडी सामायिक होता कामा नयेत. रोज आधी निरोगी पक्ष्यांचे काम उरकावे आणि रुग्णाकडे शेवटी जावे. त्याच्यासाठी वेगळी चप्पल आणि वेगळी भांडी ठेवावीत. कळपात रोग शिरण्याचे सर्वांत सोपे वाहन पाळणाऱ्याचे स्वतःचे पाय असतात.

पायाची तपासणी

तपासणीसाठी संध्याकाळचा मंद उजेड सोयीचा असतो, कारण अंधुक प्रकाशात पक्षी शांत राहतो. दोन्ही पंख अंगाशी धरून त्याला कुशीत घ्यावे, पण छाती आवळू नये. पक्ष्यांमध्ये माणसासारखे श्वासपटल नसते. श्वासासाठी त्यांच्या छातीचे हाड मागेपुढे हलावे लागते, आणि घट्ट धरलेला कोंबडा आवाज न करता गुदमरू शकतो.

आता खालून वर जावे आणि प्रत्येक टप्प्यावर दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करावी. तळव्यावर काळपट, टणक खपली आहे का, बोटांभोवती दोरा किंवा केस गुंडाळला गेला आहे का, नख मुळापासून उखडले आहे का, हे पाहावे. नडगीवरील खवले उचललेले आणि खरखरीत असतील, तर त्यांच्याखाली अतिसूक्ष्म गोचिडवर्गीय किडे असण्याची शक्यता मोठी. नरांमध्ये नडगीमागचा टोकदार काटा जास्त वाढून दुसऱ्या पायाला लागतो किंवा भांडणात मुळाशी तुटतो, तोही पाहावा. पायाच्या मध्यावर मागे वाकणारा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो प्रत्यक्षात घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांमध्ये शरीराला चिकटून असतो आणि घाईच्या तपासणीत हमखास सुटतो. शेवटी छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजू चाचपाव्यात. तेथील मांस झडून हाड धारदार लागत असेल, तर आजार बऱ्याच दिवसांचा आहे, मग पायावर काहीही दिसो.

या तपासणीत एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते: पाय दुखतो आहे की पाय चालतच नाही? दुखणारा पाय बहुधा गरम व सुजलेला असतो, दाबताच पक्षी तो झटकन ओढून घेतो आणि उभा राहताना त्यावर भार टाकण्याचे टाळतो. मज्जातंतू निकामी होत असलेला पाय गरम नसतो, दाबल्यावर पक्षी फारशी प्रतिक्रिया देत नाही, आणि बोट तळव्याखाली सरकवले तरी पायाची बोटे पकड घेत नाहीत. पहिल्या प्रकारात घरच्या शुश्रूषेला बराच वाव आहे. दुसऱ्या प्रकारात कळपाची काळजी आधी करावी लागते.

दुखणाऱ्या पायावर उपचार

तळव्यावरील काळी खपली म्हणजे आत साचलेला पू असतो. पक्ष्यांचा पू पातळ नसून चीजसारखा घट्ट गोळा बनतो, म्हणून तो दाबून बाहेर काढण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो आणि संसर्ग मात्र खोलवर ढकलला जातो. हा संसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे होतो. तो माणसाच्या जखमेतही शिरू शकत असल्याने हातमोजे घालावेत. सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे सूज थोडी असून पक्षी चालत असताना, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ विरघळवून त्यात पाय पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, नीट कोरडा करावा, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि जाळीदार कापडाची घडी ठेवून सैलसर पट्टी बांधावी. पट्टी रोज बदलावी. बांधल्यानंतर बोटे थंड पडली किंवा सुजली, तर ती घट्ट झाली आहे. आठवडाभरात सूज उतरली नाही, किंवा ती बोटांच्या मधून नडगीकडे चढू लागली, तर आतला गोळा काढण्याचे काम पशुवैद्यकाचे आहे. घरी ब्लेड हातात घेऊ नये, कारण तळव्यात रक्तवाहिन्या आणि बोटे हलवणारे स्नायुबंध अगदी दाटीने असतात.

खवल्यांखालच्या किड्यांसाठी पाय साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुऊन त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर काही आठवडे नियमित लावावा. थरामुळे किडे गुदमरतात, परंतु खवले पूर्ववत होण्यास पिसे गळून नवी येईपर्यंतचा काळ लागू शकतो. रॉकेल किंवा वापरलेले इंजिन तेल लावण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. त्याने कातडी भाजते, तेव्हा तो ऐकू नये.

मुरगळलेल्या पायाला खरे तर विश्रांतीखेरीज काही लागत नाही, आणि नेमकी तीच पाळणाऱ्याला देववत नाही, कारण दोन दिवसांत बरा दिसणारा कोंबडा मोकळा सोडण्याचा मोह होतो. चाल सरळ झाल्यावरही आणखी आठवडाभर त्याला पिंजऱ्यातच ठेवावे. हाड मोडले असल्यास, विशेषतः ते पिसांखालचे असल्यास, पशुवैद्यकाला दाखवावे. नडगीचे साधे मोडलेले हाड योग्य आधार मिळाल्यास सुमारे तीन आठवड्यांत सांधू लागते.

माणसांची वेदनाशामक गोळी अंदाजाने देऊ नये. पक्ष्यांसाठी वेदनाशामके आहेत, पण त्यांची मात्रा वजनावर ठरते. प्रतिजैविकांबाबतही हेच लागू आहे; शिवाय औषध दिलेल्या पक्ष्याचे मांस किंवा अंडी किती दिवस वर्ज्य करायची हे औषधागणिक बदलते, आणि ते पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

खाद्य आणि पाणी

बसून राहिलेला कोंबडा दुखण्यापेक्षा तहानेने लवकर ढासळतो. निरोगी प्रौढ पक्षी खाद्याच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पितो, म्हणून भांड्यातील पाणी सकाळी मोजून ओतावे आणि संध्याकाळी किती उरले ते पाहावे. झोपण्यापूर्वी गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली आणि पहाटे ती रिकामी असेल, तर पचन चालू आहे असे समजावे.

खाद्याच्या बाबतीत एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. अंडी देणाऱ्या माद्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्क्यांच्या आसपास असते, तर नराला सुमारे एक टक्का पुरते. महिनोन्‌महिने तेच खाद्य खाणाऱ्या नराच्या मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. मूत्रपिंडे थकली की युरिक आम्ल साचून सांध्यांमध्ये पांढरे खडे जमतात, आणि दोन्ही पायांचे सांधे गाठाळ होऊन तो जपून चालू लागतो. म्हणून नरासाठी कमी कॅल्शियमचे खाद्य वापरावे आणि माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात द्यावा.

पाय चालत नसेल तर

एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेला तरुण पक्षी हे मरेक रोगाचे प्रसिद्ध चित्र आहे. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये त्याचे वर्णन केले. हा हर्पिस गटातील विषाणू पिसांच्या मुळांतून झडणाऱ्या कोंड्यासोबत बाहेर पडतो, धुळीत महिनोन्‌महिने टिकतो आणि श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्यात जातो. लक्षणे बहुधा दीड महिन्यापासून सात-आठ महिन्यांच्या वयात दिसतात. काही पक्ष्यांच्या डोळ्याचा रंग राखाडी होतो आणि बाहुलीची कड वेडीवाकडी दिसते. यावर औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून बाहेर येताच टोचावी लागते. ती गाठी व लुळेपणा रोखते, पण विषाणूचा शिरकाव थांबवत नाही, आणि आधीच बाधा झालेल्या पक्ष्याला तिचा उपयोग नसतो. बचावलेला पक्षीही विषाणू सोडत राहतो. त्यामुळे असा कोंबडा जगला तरी नवी, लस न दिलेली पिल्ले त्याच्या जवळपास वाढवू नयेत.

मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास घेणे आणि त्यासोबत पाय लुळे पडणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लक्षणे आहेत. घोटे आणि तळवे दोन्ही बाजूंनी सुजलेले, तुरा फिकट आणि एकाहून अधिक पक्षी लंगडणारे असतील, तर मायकोप्लाझ्मा सायनोव्हीची शंका घ्यावी. हा जंतू अंड्यातूनही पुढच्या पिढीत जातो. केवळ लुळेपणावरून यांतला फरक ठरवता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

कळपाकडे पाहण्याची सवय

रुग्ण वेगळा केल्यानंतर किमान तीन आठवडे उरलेल्या पक्ष्यांची रोज नोंद ठेवावी. सकाळी दार उघडल्यावर लगेच खाद्य टाकू नये. आधी कोण उशिरा बाहेर येतो, कोण पिसे फुगवून कोपऱ्यात उभा राहतो, कोण मान आखडून डोळे मिटतो, हे पाहावे. मग खाद्य टाकून कोण धावत येत नाही ते पाहावे. रात्री सगळे दांडीवर बसल्यावर दिवा बंद करून काही मिनिटे नुसते ऐकावे, कारण घरघर आणि शिंका दिवसाच्या कलकलाटात ऐकू येत नाहीत. तपकिरी विष्ठेवर पांढरी टोपी असणे, तसेच दिवसातून काही वेळा चिकट, गडद, दुर्गंधीयुक्त विष्ठा पडणे नेहमीचेच आहे; रक्त मिसळलेली किंवा सतत हिरवी पातळ विष्ठा नेहमीची नाही. अंड्यांची संख्या एकाएकी घटणे किंवा कवच मऊ येणे ही माद्यांकडून मिळणारी सर्वांत आधीची सूचना असू शकते.

एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक दगावले, तुरा निळा-जांभळा पडला, डोके सुजले किंवा नडगीवर रक्ताळ डाग दिसले, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नये. बर्ड फ्लूची शंका असल्यास मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, पिसे काढू नयेत, कापू नये आणि एकही पक्षी, अंडे किंवा खत बाहेर देऊ नये. शासकीय पशुवैद्यकीय यंत्रणेला तत्काळ कळवावे आणि शवाचे काय करायचे ते त्यांच्या सूचनेनुसार ठरवावे. अशी लक्षणे नसताना एखादाच पक्षी मेला, तर शव पिशवीत बंद करून थंड ठेवावे, पण गोठवू नये, आणि लवकर शवविच्छेदनासाठी द्यावे.

परत सोडताना

कोंबडा पूर्ण भार टाकून चालू लागला, खाऊन वजन धरू लागला आणि इतर कोणी आजारी पडले नाही, की त्याला परत सोडण्याचा विचार करावा. आधी काही दिवस जाळीच्या पलीकडून त्याची व कळपाची भेट होऊ द्यावी. बसण्याची दांडी गुडघाभर उंचीवर आणावी, तिच्या कडा गोल घासाव्यात आणि खाली ओली, घट्ट झालेली गादी असल्यास ती बदलावी. तळव्याचे दुखणे परत येते ते बहुधा याच दोन गोष्टींमुळे. दुसरा नर असेल, तर त्याचे स्थान आता बदललेले असते, म्हणून पहिले दोन तास समोर थांबून पाहावे. किरकोळ टोचाटोची चालू द्यावी, रक्त निघाल्यास दोघांना वेगळे करावे. थोडेसे लंगडणे कायम राहिलेल्या नरासाठी दोन शांत माद्यांसह वेगळे छोटे खुराडे करणे अधिक सोयीचे ठरते.