‘मी कोण?’ हा प्रश्न घेऊन ध्यानाला कसे बसावे

बहुतेक जण मन शांत व्हावे म्हणून ध्यान करतात आणि तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतेही; परंतु स्वतःचे खरे स्वरूप जाणायचे असेल, तर शांतता ही केवळ पूर्वतयारी ठरते. जे दिसते, ऐकू येते, जाणवते ते वेगळे आणि त्याला जाणणारा वेगळा, हा विवेक करणे हे मुख्य काम होय. गोव्याला ही परंपरा परकी नाही. फोंडा तालुक्यातील कवळे येथील मठ ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या गौडपादाचार्यांनी अवघ्या १२ मंत्रांच्या मांडूक्य उपनिषदावर २१५ कारिका (अर्थ उलगडणारे श्लोक) रचल्या आणि जागृती, स्वप्न व गाढ झोप या तिन्ही अवस्थांच्या मुळाशी काय आहे, याचाच विचार त्यांत केला.

बसण्यासाठी पहाटेची वेळ सोयीची. जुन्या घरात राहत असाल तर राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, तुळशीजवळ बसावे, सदनिकेत राहत असाल तर खोलीचा एखादा कोपरा पुरे. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा पंखा खुशाल चालू ठेवावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या ध्यानाची छायाचित्रे सुंदर येतात, पण हंगामात तिथे एकाग्र होणे कठीणच. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसावे. पाठ ताठ, खांदे सैल एवढे पाळले की झाले. आरंभी वीस मिनिटे पुरतात.

पहिली पाच-सात मिनिटे श्वास मोजावेत. एक ते दहा मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करावी. मध्येच मोजणी चुकली तर स्वतःवर न चिडता पुन्हा एकवर यावे.

त्यानंतर मोजणी सोडून द्यावी आणि जे जे जाणवेल त्याची नुसती दखल घ्यावी. बाहेरून पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकू येईल. तो ध्यानात अडथळा नसून अभ्यासाला मिळालेला विषय आहे: आवाज आला, कळला, विरला; ज्याला तो कळला तो मात्र आवाजाबरोबर विरला नाही. हीच रीत मग पायाला आलेल्या मुंग्यांना, कालच्या भांडणाच्या आठवणीला, उद्याच्या काळजीला लावावी. यापुढची पायरी सर्वांत अवघड असल्यामुळे तिथे घाई करू नये. ‘मी किती छान ध्यान करतो आहे’ किंवा ‘मला हे जमत नाही’ असा विचार उठतो, तेव्हा तोच ‘मी’ असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तोही उठतो, कळतो आणि मावळतो, म्हणून त्यालाही भोंग्याच्याच रांगेत बसवावे.

आता प्रश्न आत वळवावा. तिरुवण्णामलै येथील रमण महर्षींनी सांगितलेली पद्धत साधी आहे. विचार उठला की ‘हा कोणाला उठला?’ असे विचारावे. ‘मला’ असे उत्तर येते, तेव्हा ‘हा मी कोण?’ असे विचारून लक्ष त्या ‘मी’च्या जाणिवेवरच ठेवावे. ‘मी आत्मा आहे’ हे पाठ केलेले उत्तर इथे कामाचे नाही, कारण तोही एक विचारच. मुंबईत विडीचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांनीही ‘मी आहे’ या निव्वळ जाणिवेतच थांबण्यावर भर दिला होता.

शेवटी नेमके काय सापडेल, हे आधीच ठरवून बसू नये. अद्वैती परंपरा साक्षिस्वरूप, म्हणजे सर्व काही नुसते जाणणारा, आत्मा सांगते, तर बौद्ध विपश्यना शोधाअंती कायमचा असा ‘मी’ आढळतच नाही असे म्हणते. साधकाने कोणाची बाजू घेण्यापेक्षा स्वतः पाहणे अधिक प्रामाणिक, असे मला वाटते.

डोळ्यांपुढे प्रकाश दिसणे, अंग हलके होणे हे अनुभव येतात आणि जातात. त्यांना प्रगती समजू नये. कार्यालयात कोणी टोचून बोलल्यावर उसळलेला राग पूर्वीपेक्षा लवकर ध्यानात येतो का, ही कसोटी अधिक विश्वासार्ह आहे. मात्र बसल्यावर भीती वाढू लागली, झोप उडाली किंवा आपण आणि भोवतालचे जग खरे नाही असे सतत भासू लागले, तर अभ्यास थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आधीपासून मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.